कुजबुजीला सूर

बाजारपेठेत माणूस आधी आवाजावरून ओळखला जातो आणि मग चेहऱ्यावरून. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात ज्यांनी चाळीस वर्षे उभे राहून दर पुकारले, त्या अण्णांच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे होते. राजापुरी हळदीच्या पोत्यांची रांग लागलेली, भोवती खरेदीदारांचा घोळका, आणि त्या गलबल्यातून एकच आवाज स्वच्छ वर येई. मागच्या ओळीतल्या शेतकऱ्याला काही दिसत नसे, पण आपल्या मालाला किती दर लागला हे त्याला कळलेले असे. पुकारलेला दर अण्णांनी कधी मागे घेतला नाही. त्यामुळे त्यांचा आवाज आणि त्यांची पत या दोन गोष्टी पेठेने कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

घरात त्या आवाजाला आणखी एक मान होता. कुटुंबातल्या प्रत्येक लग्नात एक मंगलाष्टक अण्णांचे असे, त्यांनी स्वतः रचलेले आणि स्वतःच्या चालीत म्हटलेले. बहिणी, पुतण्या, मुली अशी एकूण अकरा लग्ने झाली. ती अकराही मंगलाष्टके एका जुन्या, लाल बांधणीच्या खतावणीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती. जमाखर्च संपला होता तिथून पुढे हे खाते सुरू झाले होते.

वयाच्या शहात्तराव्या वर्षी अण्णांच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. शस्त्रक्रिया करावी लागली. एका बाजूच्या स्वरतंतूला हालचाल देणारी नस गाठीने पुरती वेढली होती. ती वाचवता येणे शक्य नव्हते. डॉक्टरांनी ही शक्यता आधीच सांगून ठेवली होती, त्यामुळे कोणाला दोष देण्याचा प्रश्न नव्हता. गाठ गेली, जीव वाचला. आवाज मात्र गेला. बोलताना दोन्ही स्वरतंतू एकमेकांजवळ यावे लागतात, तेव्हा त्यांच्या कंपनातून नाद उमटतो. अण्णांचा एक तंतू आता जागचा हलत नव्हता. मधल्या फटीतून हवा निसटून जाई आणि तोंडातून उमटे ती निव्वळ कुजबूज. तंतू मध्यभागी सरकवण्याची आणखी एक शस्त्रक्रिया असते, पण हृदयाचे दुखणे पाहता घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ती नको असे ठरवले. काही महिने वाचा-उपचार झाले. पाणी पिताना ठसका लागायचा तो थांबला. नाद काही परतला नाही.

पहिले काही दिवस अण्णा पाटीवर लिहून बोलत. पुढे पाटीही कोपऱ्यात गेली. दुकान मुलाने समर्थपणे सांभाळले होते, त्यामुळे व्यवहार कुठे अडत नव्हता. आणि तेच अण्णांना अधिक लागले असावे. फोन वाजला की ते दिवाणजींकडे बोट दाखवत. निजामाबादचे, इरोडचे जुने व्यापारी प्रकृती विचारण्यासाठी फोन करत, तेव्हा अण्णा उठून आतल्या खोलीत जात. समोरच्याने पुन्हा पुन्हा ‘काय? काय?’ म्हणावे, हे त्यांना सोसत नव्हते. घरात सगळे होते, अण्णाही होते. फक्त त्यांनी स्वतःला शिलकेतून वजा केले होते.

अशात नातीचे लग्न ठरले. मुहूर्त वैशाखातला. पत्रिकेचा मजकूर ठरत असताना ती सहज म्हणाली, “मंगलाष्टक आजोबांचंच हं.” क्षणभर कोणालाच काही सुचले नाही. अण्णा उठले, खतावणी घेऊन बसले आणि दोन दिवसांनी बारावे मंगलाष्टक लिहून त्यांनी मुलाच्या हाती ठेवले. म्हणायचे त्याने, असा त्याचा अर्थ. मुलाला सुराचे अंग अजिबात नव्हते. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा आक्काच म्हणाल्या, “राहू दे रे बाबा. मुलगी रडेल ती वेगळ्या कारणानं रडेल.” सगळे हसले. अण्णाही हसले, पण त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता आणि त्यामुळे खोलीतले हसू लवकर संपले.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या नातवाकडे एक कीबोर्ड होता. तयार ठेके वाजवणारा, घरगुती कार्यक्रमांत दिसतो तसा. त्याच्या मागच्या बाजूला माइकसाठी खाच होती आणि वर ‘हार्मनी’चे बटण. नातू स्वतः गाई तेव्हा ते बटण दाबताच त्याच्या एका आवाजाला आणखी दोन आवाजांची साथ मिळे. त्याने विचार केला, यंत्र जर एका आवाजाचे तीन करू शकते, तर आजोबांच्या अर्ध्या आवाजाचा एक का नाही? एका संध्याकाळी त्याने माइक जोडला आणि आजोबांना बसवले. अण्णांनी अनिच्छेने दोन शब्द उच्चारले. स्पीकरमधून खरखर आली, मधूनच एखादा तुटका, बेसूर चिरका स्वर आला, आणि पुन्हा खरखर. अण्णा माइक खाली ठेवून उठून गेले. नातवाला त्या रात्री जेवण गेले नाही.

हार असली तरी तिचे कारण समजून घेण्यासारखे होते. हार्मनीचे यंत्र आधी गाणाऱ्याचा सूर कोणता हे ओळखते आणि मग तोच आवाज तिसऱ्या किंवा पाचव्या स्वरावर सरकवून साथ उभी करते. म्हणजे मुळात सूर हवा. कुजबुजीत सूर नसतोच, असतो तो केवळ वाऱ्याचा सळसळाट. ज्याच्या खात्यात मूळ रक्कमच नाही, त्याला व्याज कशावर लावणार? पण पुढच्या आठ दिवसांत वाचता वाचता नातवाला कळले की याच कुळातले दुसरे एक यंत्र आहे, ज्याला गाणाऱ्याचा सूर लागतच नाही. त्याचे नाव व्होकोडर.

या यंत्राचा जन्म संगीतासाठी झालेला नाही. तो काटकसरीसाठी झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली नावाचे अभियंते दूरध्वनीच्या तारेवरून कमी जागेत जास्त संभाषण कसे पाठवता येईल, या विचारात होते. त्यांनी बोलण्याची फोड केली. गळा नाद पुरवतो. जीभ, ओठ, टाळू आणि जबडा त्या नादाला आकार देतात. नाद हे वाहन आणि उच्चार हा त्यातला माल. डडलींचे म्हणणे असे की, सगळी गाडी पाठवण्याची गरजच काय? मालाची यादी पाठवा, पलीकडच्या टोकाला दुसरी गाडी उभी करून माल तिच्यात भरता येईल. व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘व्होडर’ नावाचे त्यांचे बोलणारे यंत्र मांडले गेले. ते चालवण्यासाठी स्त्रियांना दीर्घकाळ शिकवून तयार केले होते. त्या बोटांनी पट्ट्या दाबून उच्चार घडवत, मनगटाखालच्या दांडीने नाद किंवा फूत्कार यांतले एक निवडत, आणि पायाने सुराची उंची बदलत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यातील अतिगुप्त संभाषणासाठी जी यंत्रणा वापरली गेली, तिच्या पोटातही व्होकोडरच होता. ती यंत्रणा ५० टनांहून अधिक वजनाची होती. पुढे संगीतकारांनी हे तंत्र उचलले. १९७१ च्या ‘ए क्लॉकवर्क ऑरेंज’ या चित्रपटात वेंडी कार्लोस यांनी त्यातून बीथोव्हेनची नववी सिंफनी गाऊन घेतली. जपानी कंपन्यांनी १९७० च्या दशकाअखेरीस तो कीबोर्डात बसवला. २००२ साली आलेला कॉर्गचा ‘मायक्रोकॉर्ग’ तर मांडीवर मावेल एवढा, ३७ छोट्या पट्ट्यांचा. ५० टनांचे यंत्र असे दोन-अडीच किलोंवर आले.

असा एक वापरलेला छोटा सिंथेसायझर नातवाने मित्राकडून महिनाभरासाठी आणला. त्याचा मूळचा माइक हरवलेला होता. मग सुरू झाली जोडणीची शोधयात्रा, आणि तिच्यात प्रत्येक चूक काहीतरी शिकवून गेली.

पहिल्या दिवशी स्टुडिओत वापरतात तो नाजूक, संवेदनशील कंडेन्सर माइक लावला. काहीच ऐकू येईना. कारण साधे निघाले: अशा माइकला स्वतःची वीज लागते, तारेतूनच दिलेली ४८ व्होल्टची, आणि या कीबोर्डाकडे ती देण्याची सोय नव्हती. मग भजनी मंडळे वापरतात तसला साधा डायनॅमिक माइक आणला. त्याला विजेची गरज नसते. त्याच्या तारेला एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला पाव इंची जॅक, ज्याला साउंडवाले ‘पी-३८’ म्हणतात. हा माइक बोलू लागला, पण अण्णांची कुजबूज त्याला पुरेना. माइकमधून येणारा विद्युतसंदेश असतोच मुळी व्होल्टच्या हजारांशाच्या घरातला. त्यात कुजबूज म्हणजे चिल्लरीतली चिल्लर. आवाजाची कळ पूर्ण पिळली की शब्दांपेक्षा गुणगुणाटच मोठा होई.

शेवटी मधे एक छोटा मिक्सर आला. तो कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टही देतो आणि क्षीण संदेश वाढवून सशक्तही करतो. मात्र असा वाढवलेला संदेश कीबोर्डाच्या माइकच्या खाचेत सोडला की तो फाटतो. ती खाच हजारांश व्होल्टसाठी असते आणि हा संदेश व्होल्टच्या आसपासचा. मागची कळ ‘माइक’वरून ‘लाइन’वर सरकवली, आणि फाटलेपण गेले. लॅपटॉपचा चार्जर दूरच्या खटक्यावर लावताच गुणगुणाटही निवळला. शिट्टीचा त्रास राहिला होता. स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की ती कर्कश शिट्टी वाजते. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवला आणि माइक ओठांपासून चार बोटांवर आणला, तेव्हा तीही थांबली. जोडण्यापूर्वी सर्व कळा शून्यावर, आधी माइक, मग मिक्सर, मग कीबोर्ड आणि सर्वांत शेवटी स्पीकर सुरू करायचा, हा क्रम नातवाने एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. बंद करताना हाच क्रम उलटा.

एवढे होऊनही यंत्र मुके होते. अण्णा माइकशी कुजबुजत, आणि पलीकडे शांतता. नातवाच्या लक्षात आले की पट्टी दाबल्याखेरीज व्होकोडरमधून काही निघणारच नाही. माणसाने उच्चार द्यायचा आणि पट्टीने नाद द्यायचा. दोन्ही एकाच क्षणी हवेत. नादही कसला? पियानोचा चालत नाही, कारण तो वाजताच विरू लागतो. तंतुवाद्यांच्या किंवा ऑर्गनसारखा सलग टिकणारा आणि चांगला भरगच्च स्वर हवा. मगच उच्चाराला कोरायला काही शिल्लक राहते. नातवाने तसा स्वर निवडला, पट्टी दाबून धरली आणि म्हणाला, “आजोबा, आता बोला.”

अण्णांनी नातीचे नाव उच्चारले. त्या खोलीत एक स्वर उमटला. तो अण्णांचा जुना आवाज नव्हता. कोणाही माणसाचा म्हणावा असाही नव्हता. बाजाच्या पेटीला शब्द फुटावेत तसा तो होता. पण नाव स्पष्ट होते. स्वयंपाकघरातून आक्का पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी नाव पुन्हा उच्चारले. मग मुलाचे, मग सुनेचे, मग आक्कांना ते ज्या हाकेने बोलवत ती हाक. एवढे झाल्यावर त्यांनी माइक बाजूला ठेवला आणि बराच वेळ कोणाकडे पाहिले नाही.

आता प्रश्न आला तो चालीचा. सूर पट्ट्यांतून यायचा, म्हणजे पट्ट्या वाजवणाऱ्याला अण्णांची चाल यायला हवी. नातवाला ठेके येत, चाल येत नव्हती. “मी बघू का?” असे म्हणत सूनबाई पुढे आल्या. लग्नाआधी त्या चार वर्षे पेटी शिकल्या होत्या; पेटी माहेरीच राहिली आणि सत्तावीस वर्षांत तो विषय या घरात कधी निघाला नव्हता. अण्णांची चाल मात्र त्यांनी प्रत्येक लग्नात ऐकली होती. त्यांनी उजव्या हाताने पहिली ओळ वाजवली. अण्णांनी चमकून वर पाहिले. चालीतली शेवटची लहानशी हरकतही बरोबर होती.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना विचारले तेव्हा त्यांनी बजावले, जोर लावून कुजबुजायचे नाही. गळ्यावर ताण येतो. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे, बस. त्या वीस मिनिटांचा सराव महिनाभर चालला. शार्दूलविक्रीडिताची ओळ एकोणीस अक्षरांची, बाराव्या अक्षरावर यती. अण्णांचा श्वास फटीतून निसटे आणि सहाव्या-सातव्या अक्षरालाच संपे. मग त्यांनी छाती भरली की सूनबाईंची बोटे पट्टीवरून उठत आणि अण्णांचे ओठ हलले की पुन्हा टेकत. कोणी कोणाला खूण करत नव्हते.

अण्णांनी मंगलाष्टकही नव्याने लिहिले. कुजबुजीत ‘क’ आणि ‘ग’, ‘त’ आणि ‘द’, ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक पुसट होतो, कारण तो फरक मुख्यतः गळ्यातल्या कंपनाचा असतो. जिथे घोटाळा होई तो शब्द अण्णा काढून टाकत आणि आकारान्त, ईकारान्त, स्वच्छ दीर्घ स्वरांचे शब्द बसवत. खतावणीच्या त्या पानावर इतकी खाडाखोड झाली की शेवटी ते पान फाडून नवे लिहावे लागले. कित्येक महिन्यांनी अण्णा रात्री दिवा लावून काही काम करत बसलेले घराने पाहिले.

सगळ्यांना हे पसंत होते असे नाही. नातेवाइकांपैकी कोणी म्हणाले, कार्यात यंत्राचा आवाज बरा दिसेल का? लोक हसतील. खुद्द आक्काही एकदा म्हणाल्या, “ते तुमच्या गळ्यातलं नाही हो.” अण्णांनी कोपऱ्यातली पाटी मागवली आणि लिहिले, “गळा भाड्याचा आहे. शब्द माझे आहेत.” आक्कांनी ते वाचले आणि पाटी पुसली नाही.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या ध्वनिक्षेपकाला कीबोर्ड जोडला तेव्हा नातवाचे हात थरथरत होते. भिंतीवरचा कागद त्याने खिशात आणला होता. अंतरपाट धरला गेला. दोन मंगलाष्टके नेहमीसारखी झाली. तिसऱ्याला तो अनोळखी, पेटीसारखा स्वर उमटला तेव्हा मांडवात कुजबूज झाली, काही मुले हसली. मग हळूहळू शांतता पसरली. काही शब्द लोकांना कळले नाहीत. तिसऱ्या ओळीत अण्णांचा श्वास अपुरा पडला आणि अर्धे अक्षर गळाले. तरी चौथी ओळ पुरी झाली आणि ‘सावधान’ हा शब्द साऱ्या मांडवाला स्पष्ट ऐकू गेला. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. आक्कांना मात्र यावेळी त्याचे वेगळे कारण सांगता आले नसते.

जेवणाच्या वेळी यार्डातले एक वृद्ध खरेदीदार अण्णांजवळ येऊन बसले. म्हणाले, “अण्णा, आवाज तुमचा नव्हता. पण बोलणं तुमचंच. ‘धा’वर तसं टेकून बोलणारा पेठेत दुसरा कुणी नाही. चाळीस वर्षं दर ऐकलाय मी.” डडलींनी प्रयोगशाळेत जी फोड केली होती, ती या गृहस्थांनी एक वाक्यही न वाचता केली. गळा गेला तरी जिभेची वळणे, ओठांची घडण, शब्दावर टेकण्याची लकब ही माणसाची स्वतःचीच राहते. बाजार इतकी वर्षे अण्णांचा आवाज ओळखत आला, असे सर्वांना वाटत होते. तो ओळखत होता त्यातला बराच भाग गळ्याच्या वर होता.

सिंथेसायझर मित्राला परत गेला. रोजच्या बोलण्यासाठी त्याची गरजही नव्हती. शिक्षक गळ्यात अडकवतात तसा एक छोटा ध्वनिवर्धक नातवाने आणून दिला, आणि गादीवर बसून चार शब्द बोलायला तो पुरतो. सूनबाईंची पेटी माहेरून आली आहे. तिचा भाता गळत होता, तो दुरुस्त झाला.

लग्नानंतरच्या आठवड्यात दुकानातला फोन वाजला. निजामाबादचा होता. सवयीने दिवाणजींनी हात पुढे केला, तेव्हा अण्णांनी तो हळूच बाजूला केला आणि रिसीव्हर स्वतः उचलला. पलीकडून ‘काय? काय?’ असे दोनदा आले. अण्णा उठले नाहीत. त्यांनी ध्वनिवर्धकाची कळ थोडी वाढवली, माइक चार बोटांवर धरला, आणि दर पुन्हा सांगितला.